आधी रजिस्ट्रार, मग नकाशा: ख्रिस्ती विद्यापीठातून एक सेमिस्टर परदेशी

“मला इटलीला जायचंय” या वाक्याने स्टडी अब्रॉडची सुरुवात केली की पुढचे सहा महिने उलट्या टोकाने चालतात. इटलीला जायचे निदान तीन-चार रस्ते आहेत. एका रस्त्याने गेलात तर स्कॉलरशिप तुमच्याबरोबर विमानात बसते, दुसऱ्याने गेलात तर ती मागेच राहते. एका रस्त्याने परत आल्यावर ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, ग्रेड दिसतो, दुसऱ्याने आल्यावर नुसतं ‘ट्रान्सफर क्रेडिट’. आणि भारतीय पासपोर्टवर, अमेरिकेच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या मुलांना एखादा रस्ता थेट सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांची माहिती ठेवणारी अमेरिकी सरकारची यंत्रणा) नोंद बंद होण्यापर्यंत नेतो. म्हणून देश मागाहून ठरवा. आधी विचारा की हा कार्यक्रम चालवतं कोण, आणि क्रेडिट कुणाच्या कागदावर उमटतं.

इथे बोलतोय ते अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठांबद्दल. हा शब्द फार मोठी छत्री आहे. टेक्सासमधलं बेलर बॅप्टिस्ट, कॅलिफोर्नियातलं पेपरडाइन ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ परंपरेतलं, इंडियानातलं गोशेन मेनोनाइट, नोत्रदाम आणि युनिव्हर्सिटी ऑफ डॅलस कॅथलिक. व्हीटन आणि बायोलासारख्या ठिकाणी प्रवेशालाच श्रद्धेचा प्रश्न येतो. नोत्रदाम, बेलर, पेपरडाइनमध्ये मात्र हिंदू घरातली मराठी मुलंही शिकतात. एक सेमिस्टर बाहेर काढायची सोय या सगळ्यांकडे आहे, पण प्रत्येकाची घडण वेगळी.

स्वतःची वास्तू असलेले

सगळ्यात सरळ रस्ता हा. विद्यापीठाची परदेशात स्वतःची जागा असते, नोंदणी घरच्या विद्यापीठातच राहते, रजिस्ट्रार तोच, ग्रेड तेच. पेपरडाइन जर्मनीतल्या हायडेलबर्गला १९६३पासून मुलं पाठवतं. त्याखेरीज फ्लॉरेन्स, लंडन, ब्युनोस आयर्स आणि स्वित्झर्लंड. युनिव्हर्सिटी ऑफ डॅलसचा रोम कार्यक्रम १९७०चा. रोमच्या दक्षिणेला द्युए सांती नावाच्या ठिकाणी द्राक्षांच्या मळ्यांत त्यांचा कॅम्पस आहे, आणि तिथलं सेमिस्टर त्यांच्या मूळ अभ्यासक्रमाला असं शिवलेलं आहे की मुलं दुसऱ्या वर्षी जाणार हे गृहीतच धरतात. ओहायोचं फ्रान्सिस्कन युनिव्हर्सिटी ऑफ स्टूबेनव्हिल १९९१पासून ऑस्ट्रियातल्या गामिंग या छोट्या गावी, चौदाव्या शतकातल्या एका जुन्या मठात सेमिस्टर चालवतं. तिथे वर्ग सोमवार ते गुरुवार. शुक्रवारपासून मुलं ट्रेनमध्ये.

फायदे उघड आहेत. तोटा माहितीपत्रकात छापत नाहीत. तुम्ही घरचेच वर्गमित्र, घरचेच प्राध्यापक आणि घरचीच मेस घेऊन परदेशी जाता. गुरुवारी संध्याकाळी सगळे बॅगा भरतात आणि चार महिन्यांत दहा देश ‘होतात’, पण गामिंगच्या बेकरीवाल्याशी चार वाक्यं जर्मनमध्ये बोलता येत नाहीत. भाषा शिकायची असेल तर हा रस्ता नव्हे. क्रेडिट आणि पैसा सुरक्षित ठेवून युरोप पाहायचा असेल तर याहून चांगला नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या गॉर्डन कॉलेजचा इटलीतल्या ओर्व्हिएतोमधला कलाशाखेचा कार्यक्रम (१९९८पासून) भाषा आणि सुरक्षितता या दोन्हींच्या मधला. गाव लहान, कार्यक्रम लहान, आणि इटालियन बोलल्याशिवाय भाजी मिळत नाही.

गोशेनची गोष्टच निराळी. त्यांनी १९६८मध्ये ‘स्टडी-सर्व्हिस टर्म’ सुरू केली: साधारण सहा आठवडे भाषा आणि तिथल्या समाजाचा अभ्यास, पुढचे सहा आठवडे एखाद्या शाळेत, दवाखान्यात किंवा संस्थेत काम, आणि राहणं एका कुटुंबात. पर्यटन जवळजवळ शून्य. ज्याला खरंच जुळवून घ्यायला शिकायचंय त्याच्यासाठी, आमच्या मते, ही रचना अजूनही सगळ्यांत शहाणी आहे.

संघाचे कार्यक्रम

हजार-दीड हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजाला स्वतःचा मठ परवडत नाही. अशा कॉलेजांनी सीसीसीयू नावाच्या ख्रिस्ती कॉलेजांच्या संघामार्फत सामाईक कार्यक्रम उभे केले. त्यांतले दोन नीट समजून घेण्यासारखे आहेत, कारण दोघांच्या मागण्या टोकाच्या वेगळ्या.

पहिला ऑक्सफर्डचा, एससीआयओ या संस्थेमार्फत चालणारा. इथे जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.७च्या आसपास लागतो, आणि तो उगाच मागत नाहीत. ऑक्सफर्डचं सत्र आठ आठवड्यांचं. ट्यूटोरियल म्हणजे ट्यूटरबरोबरची एकट्याची भेट, दर भेटीला एक निबंध. मुख्य विषयाचं दर आठवड्याला, दुय्यम विषयाचं आठवड्याआड. म्हणजे आठ आठवड्यांत बारा निबंध. एका आठवड्याचा हिशेब असा: सोमवारी ट्यूटर पुढच्या निबंधाचा प्रश्न आणि आठ-दहा पुस्तकांची यादी देतो. बॉडलियन ग्रंथालय पुस्तकं घरी देत नाही. तिथेच बसून वाचायचं. (सदस्य होताना ग्रंथालयात आग किंवा ज्योत आणणार नाही अशी प्रतिज्ञाही करावी लागते.) यादीतलं एखादं पुस्तक मागवावं लागलं तर दिवस जातो, म्हणून यादी हातात पडली की त्याच दुपारी सगळी पुस्तकं शोधून मागवायची. गुरुवारपर्यंत वाचन, शुक्रवार-शनिवार दोन-अडीच हजार शब्दांचं लेखन, आणि पुढच्या भेटीत ट्यूटरसमोर तासभर त्या निबंधाची चिरफाड. वर्गात मागच्या बाकावर बसून निभावण्याची सोय नाही, कारण वर्गात तुम्ही एकटेच असता.

अडतं कुठे, तर तिसऱ्या आठवड्यात. अमेरिकेत ज्या मुलांना गृहपाठ, क्विझ, हजेरी अशा वीस तुकड्यांतून ग्रेड मिळवायची सवय असते, त्यांच्याकडे इथे बारा निबंधांशिवाय काही नसतं. दोन उशिरा दिले की तिसरा आणि चौथा एकमेकांवर चढतात. ज्याला शेवटच्या रात्री लिहायची सवय आहे त्याने आधीच्या सेमिस्टरला दर आठवड्याला दोन हजार शब्द लिहून पाहावेत. चार आठवडे जमलं तरच अर्ज भरावा.

दुसरा युगांडाचा. कंपालाच्या पूर्वेला, जिंजाच्या रस्त्यावरच्या मुकोनो गावी युगांडा ख्रिश्चन युनिव्हर्सिटी आहे. १९१३च्या बिशप टकर थिऑलॉजिकल कॉलेजातून १९९७ साली ती उभी राहिली. इथे तुम्ही युगांडाच्या मुलांबरोबर त्यांच्याच वर्गात बसता. सोशल वर्कच्या विद्यार्थ्यांना फील्डवर्कचीही सोय आहे. जेवण मातोके, पोशो आणि घेवड्याची उसळ. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, मातोके म्हणजे शिजवलेली हिरवी केळी. शाकाहारी मराठी मुलाला लंडनपेक्षा इथे पोट भरणं सोपं जातं. चपातीलाही चपातीच म्हणतात, भारतीयांनीच ती तिथे नेली.

आता औषधांचं. युगांडात शिरायला पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, आणि लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागते. एक डोस जन्मभर चालतो. ते पिवळं कार्ड हरवलं तर मराठी घरांना एक जास्तीची अडचण येते: सेमिस्टर संपवून मूल थेट मुंबईला आलं आणि पीतज्वराचा देश सोडून सहा दिवस झालेले नसले, तर कार्डाशिवाय भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. कार्डाचा फोटो चालत नाही. मूळ कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा.

हिवतापाच्या गोळ्यांचा हिशेब तर बहुतेकांचा चुकतो. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी रोज एक, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परत आल्यावर सात दिवसांपर्यंत घ्यायची. ११० दिवसांचं सेमिस्टर म्हणजे २ + ११० + ७ = ११९ गोळ्या. अमेरिकेतली बरीचशी विमा योजना एका वेळी ३० गोळ्यांचेच पैसे देते. फार्मसीवाला हात वर करतो, मूल ३० गोळ्या घेऊन निघतं आणि महिन्याभराने मुकोनोत गोळ्या शोधत बसतं. विमा कंपनीकडे लांबच्या प्रवासासाठी जास्तीच्या साठ्याची मंजुरी मागता येते. तिला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून महिनाभर आधी फोन करा. डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडतं, पण ते परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावं लागतं आणि उन्हाने अंग भाजतं. विषुववृत्तावरच्या देशासाठी हे लक्षात घेण्याजोगं आहे. कुठली गोळी घ्यायची ते अर्थात डॉक्टरच ठरवेल.

संघाच्या कार्यक्रमांचा एक कच्चा दुवा म्हणजे ते जागा बदलतात, कधी बंदही पडतात. मध्यपूर्वेचा कार्यक्रम कैरोत सुरू झाला, इजिप्तमधल्या उलथापालथीनंतर जेरुसलेमला गेला आणि मग जॉर्डनमध्ये अम्मानला. जेरुसलेममधलंच, सायन टेकडीवरचं जेरुसलेम युनिव्हर्सिटी कॉलेज (१९५७) बायबलच्या भूगोलासाठी आणि उत्खननशास्त्रासाठी नावाजलेलं आहे. मात्र ऑक्टोबर २०२३नंतर त्या भागातलं कुठलंही सेमिस्टर आखताना ‘रद्द झालं तर’चं उत्तर लेखी हवं. अमेरिकी परराष्ट्र खातं प्रवासातल्या धोक्यानुसार देशांना १ ते ४ पातळ्या देतं. चौथ्या पातळीच्या देशात बहुतेक विद्यापीठं पाठवतच नाहीत, तिसऱ्याला वेगळी परवानगी लागते. पातळी सेमिस्टरच्या मध्यात बदलली तर अर्धवट क्रेडिटचं काय, परतीचं तिकीट कोण काढणार, विमा युद्धाला लागू आहे की वगळलेला, हे तीन प्रश्न ईमेलवर विचारा. फोनवर विचारलेलं नंतर सापडत नाही.

बाहेरचे, आणि थेट प्रवेश

तिसरा रस्ता म्हणजे सीआयईई, आयईएस अब्रॉड, एसआयटी यांसारख्या धर्माशी संबंध नसलेल्या संस्था, किंवा परदेशी विद्यापीठात थेट प्रवेश. इथे विषयांची निवड सगळ्यांत मोठी. इंजिनिअरिंग, संगणक, अर्थशास्त्र यांतल्या विद्यार्थ्यांना बऱ्याचदा हाच एक मार्ग उरतो. पण प्रत्येक ख्रिस्ती विद्यापीठाची मान्यताप्राप्त यादी असते, आणि यादीबाहेरच्या कार्यक्रमासाठी विनंती अर्ज करावा लागतो. तो नामंजूर झाला तर ‘एक सेमिस्टर रजा घ्या, क्रेडिट नंतर ट्रान्सफर करा’ असा सल्ला एखादा ॲडव्हायझर सहज देऊन जातो. अमेरिकी नागरिकाला तो चालेल. एफ-१वाल्याने तो ऐकू नये.

कारण असं. घरच्या विद्यापीठाच्या स्टडी अब्रॉडमध्ये पूर्ण वेळ नोंदणी असेल तर डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांचे कागद पाहणारा विद्यापीठाचा अधिकारी) तुमची सेव्हिस नोंद चालू ठेवू शकतो. रजा घेऊन देशाबाहेर पाच महिन्यांहून जास्त राहिलात तर ते स्टेटस संपतं आणि परतताना नवा आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रमाणपत्र), नवी सेव्हिस फी, बहुधा नवा व्हिसा असं सगळं पहिल्यापासून. शिवाय सीपीटी-ओपीटीसाठी, म्हणजे शिकताना आणि शिकून झाल्यावर काम करायच्या परवानग्यांसाठी, लागणारं एक शैक्षणिक वर्ष पुन्हा मोजायला लागतात. स्टडी अब्रॉडचं सेमिस्टर त्या वर्षात धरलं जातं, पण आधी अमेरिकेत निदान एक पूर्ण सत्र झालेलं असलं तरच. म्हणून अगदी पहिल्याच सत्रात परदेशी पाठवणाऱ्या योजना भारतीय विद्यार्थ्याने टाळलेल्या बऱ्या.

पासपोर्ट भारतीय असेल तर

वर्गातल्या अमेरिकन मित्राला जे तिकीट काढून जमतं, ते तुम्हाला चार महिन्यांच्या कागदपत्रांनी जमतं. २५ ऑगस्ट ते १० डिसेंबर हे १०८ दिवस होतात. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक, अल्पकाळाचा व्हिसा कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांचाच, म्हणजे तुम्हाला त्या देशाचा दीर्घकाळाचा ‘डी’ व्हिसा हवा. ऑस्ट्रियाचा डी व्हिसा सहा महिन्यांपर्यंतचा असतो आणि सेमिस्टरला तोच पुरतो. इटलीत व्हिसा मिळाला तरी काम संपत नाही. पोहोचल्यापासून आठ कामाच्या दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा: ठरावीक पोस्टातून अर्जाचं पाकीट आणायचं, तंबाखूच्या दुकानातून १६ युरोचं मुद्रांक तिकीट घ्यायचं, पोस्टात भरून पावती घ्यायची, आणि मग पोलिसांच्या कचेरीत बोटांच्या ठशांची तारीख. प्रत्यक्ष कार्ड बऱ्याचदा सेमिस्टर संपल्यावर तयार होतं. पोस्टाची ती पावती हाच तोवरचा परवाना, तेव्हा ती पाकिटात दुमडून झिजवू नका.

गोव्यातल्या ज्या कुटुंबांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय त्यांच्या मुलांना यातलं काहीच लागू नाही. युरोपीय संघाचा पासपोर्ट म्हणजे शेंगेनमध्ये घरच्यासारखं. ब्रिटनला मात्र त्यांनाही आता आगाऊ ईटीए (ऑनलाइन प्रवास परवाना) काढावा लागतो.

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यास व्हिजिटर व्हिसावर करता येतो, भारतीयांनी तो आधीच काढायचा. त्यावर नोकरी नाही, इंटर्नशिपही नाही. लंडनच्या कार्यक्रमात इंटर्नशिपची क्रेडिट असतील तर स्टुडंट व्हिसा लागेल. तो वेगळा, महाग आणि वेळखाऊ. आणि हे वीकेंडच्या सहलींआधी लक्षात घ्या: ऑस्ट्रियाचा डी व्हिसा लंडन-डब्लिनला चालत नाही, ब्रिटनचा व्हिसा पॅरिसला चालत नाही. वर्गाची सामूहिक सहल कुठल्या देशांतून जाते ते व्हिसाचा अर्ज भरण्यापूर्वी विचारा. मधल्या एका दिवसाच्या सहलीमुळे मूल हॉस्टेलवर एकटं राहिल्याची उदाहरणं दर वर्षी होतात.

अर्ज कुठे करायचा हेही एप्रिलमध्येच ठरवा. पासपोर्ट आठवडे-आठवडे वकिलातीत अडकतो. शिकागोच्या वकिलातीत दिला आणि जूनमध्ये पुण्याला भावाचं लग्न निघालं, तर पासपोर्टाविना लग्न चुकतं. उन्हाळा भारतात काढणार असाल तर मुंबईत अर्ज करता येईल का ते आधी विचारा. दोन्हीकडची कागदं सारखी नसतात. पासपोर्टाची मुदत सेमिस्टर संपल्यानंतर निदान सहा महिने उरायला हवी, दोन कोरी पानं हवीत.

परतीचा मुद्दा याहून मोठा. आय-२०च्या दुसऱ्या पानावरची प्रवासाची सही वर्षाच्या आतली हवी, आणि अमेरिकेचा एफ-१ व्हिसा परतीच्या दिवशी जिवंत हवा. पूर्वी मुलं व्हिएन्नात किंवा लंडनमध्ये तो नवा करून घ्यायची. सप्टेंबर २०२५पासून अमेरिकेने अर्जदाराला आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करायला सांगितलंय. तेव्हा व्हिसा डिसेंबरात संपत असेल तर परतीचा प्रवास मुंबईच्या वकिलातीवरून, आणि ती तारीख मिळेल की नाही हे जानेवारीच्या वर्गांआधीचं मोठं प्रश्नचिन्ह. असा व्हिसा असेल तर शक्यतो आधीच्याच उन्हाळ्यात भारतात नवा करून घ्या, किंवा वसंत (जानेवारीतलं) सेमिस्टर निवडा, म्हणजे पुढे उन्हाळा मोकळा मिळतो.

अमेरिकेत वाढलेल्या, एच-४वरच्या (आई किंवा वडिलांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या) मराठी मुलांसाठी वेगळी सूचना. स्टडी अब्रॉडचं नेहमीचं वर्ष तिसरं, आणि तिसऱ्या वर्षातच एकविसावा वाढदिवस येतो. त्या दिवशी एच-४ संपतो. आधी एफ-१साठी देशातल्या देशात स्टेटस बदलण्याचा अर्ज टाकला असेल आणि तो प्रलंबित असताना मूल विमानात बसलं, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. यातून दोनच सरळ वाटा: दुसऱ्या वर्षीच जाऊन या, किंवा भारतात जाऊन एफ-१ व्हिसा घेऊन त्यावरच परत या.

क्रेडिट आणि ग्रेड

दोन ईसीटीएस (युरोपातलं क्रेडिटचं माप) म्हणजे साधारण एक अमेरिकी क्रेडिट. ब्रिटनचे चार क्रेडिट म्हणजे एक. पूर्ण वेळ राहायला निदान १२ क्रेडिट लागतात, पण स्कॉलरशिपची अट बऱ्याच ठिकाणी वर्षाला ३०ची असते. युरोपात २४ ईसीटीएस घेऊन निवांत राहिलात तर हातात १२ येतात आणि वसंतात १८ ओढावी लागतात.

निघण्यापूर्वी जेवढे विषय घ्यायचे त्याच्या दुप्पट विषयांची मंजुरी विभागप्रमुखाच्या सहीने घेऊन ठेवा, सिलॅबससकट. तिथे पोहोचल्यावर वेळापत्रक आदळतं, वर्ग भरतो, विषय रद्द होतो. आणि नोव्हेंबरात सात तासांच्या फरकाने प्राध्यापकाला सही मागणं हा सुखाचा प्रकार नाही. ब्रिटनमधले गुण कसे बदलणार तेही लेखी घ्या. तिथे ७०च्या वर म्हणजे फर्स्ट, अमेरिकेतला ‘ए’. रूपांतराचा तक्ता न लावता ६८ गुण जसेच्या तसे नोंदवले गेले तर ट्रान्स्क्रिप्टवर ‘डी’ चढतो आणि तो काढायला वर्ष जातं. ब्रिटिश विद्यापीठात थेट प्रवेश घेतला असेल तर आणखी एक: शरदातल्या विषयांच्या परीक्षा कधी कधी जानेवारीत असतात. डिसेंबरात परतणाऱ्यांसाठी पर्यायी मूल्यमापन आहे का, ते विषय निवडतानाच पाहा.

पदवीचे शेवटचे ३० क्रेडिट घरच्याच विद्यापीठात घ्या असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. शेवटच्या वर्षी बाहेर जाणारे तिथे ठेचाळतात. नर्सिंग आणि इंजिनिअरिंगमध्ये एक विषय वर्षातून एकदाच शिकवला जातो. तो चुकला की पदवी एक वर्ष लांबते, म्हणून या शाखांनी पहिल्याच वर्षी चार वर्षांचा तक्ता करून त्यात एक रिकामं सेमिस्टर शोधावं.

पैसे

माहितीपत्रकातली फी पाहून तुलना करू नका. एक हिशेब मांडू, आकडे कल्पित. घरी एका सेमिस्टरची ट्यूशन (शिकवण्याची फी) २०,००० डॉलर, स्कॉलरशिप ११,०००, राहणं-जेवण ६,०००: खिशातून १५,०००. परदेशी कार्यक्रमाची फी राहण्या-जेवणासकट १९,०००, म्हणजे ‘ट्यूशनपेक्षाही स्वस्त’. पण स्कॉलरशिप लागू नाही, तर खिशातून पूर्ण १९,०००. वर तिकीट १,२००, व्हिसा आणि विमा ५००. आणि कॅम्पसवरची नोकरी गेली: आठवड्याला १२ तास, १५ आठवडे, तासाला १२ डॉलर, म्हणजे २,१६० बुडाले. फरक साडेसात हजारांच्या पुढे. वसतिगृहात आरए (फुकट खोलीच्या बदल्यात इतर मुलांवर देखरेख करणारा विद्यार्थी) असाल तर त्याहून वाईट, कारण तो करार वर्षाचा असतो आणि फुकटची खोली दोन्ही सेमिस्टरना जाते.

म्हणून बर्सरला, म्हणजे फीचा हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारायचं वाक्य एकच: या विशिष्ट कार्यक्रमासाठी माझी कुठली स्कॉलरशिप लागू राहते, किती सेमिस्टरसाठी? काही विद्यापीठं संघाच्या कार्यक्रमांना अर्धी रक्कम देतात, काही एकाच सेमिस्टरपुरती पूर्ण. सरकारी गिलमन स्कॉलरशिप (५,००० डॉलरपर्यंत) पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या विद्यार्थ्यांना सरकारी मदत) मिळणाऱ्या अमेरिकी नागरिकांनाच आहे. एफ-१वाल्यांनी त्यात वेळ घालवू नये, घरच्या विद्यापीठाचे छोटे निधी पाहावेत.

चॅपल, करारपत्र, पाळकाचं पत्र

ख्रिस्ती विद्यापीठांपुरत्या या तीन गोष्टी शेवटच्या घटकेला आठवतात. चॅपलची, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनासभेची, हजेरी दर सेमिस्टरला मोजली जात असेल तर परदेशी सेमिस्टरला ती माफ आहे, कमी होते की परतल्यावर भरून काढायची, हे चॅपल ऑफिसकडून लिहून घ्या. वर्तनाचं करारपत्र परदेशातही लागू असतं. ऑस्ट्रियात सोळाव्या, इटलीत अठराव्या वर्षी वाइन कायदेशीर आहे, पण तुमच्या विद्यापीठाने त्याला परवानगी दिलीय का हा वेगळा प्रश्न. संघाच्या कार्यक्रमात तर दोन नियमावल्या लागू होतात आणि जी कडक ती चालते. घरी पाठवून देण्याची बरीच प्रकरणं इथेच होतात, अभ्यासात नाही.

काही कार्यक्रम पाळकाचं शिफारसपत्र मागतात. वसईच्या किंवा अहिल्यानगरच्या चर्चमधून पत्र मागवणार असाल तर इंग्रजीत, लेटरहेडवर, ईमेल पत्त्यासकट मागवा, आणि फादरना किंवा पाळकांना कार्यक्रमाची माहिती पाठवा. ‘मुलगा सद्वर्तनी आहे’ एवढ्या ओळीवर समिती काही ठरवू शकत नाही. ख्रिस्ती नसलेल्या विद्यार्थ्याने अशा अर्जात श्रद्धेचा रकाना गुळमुळीत भरू नये. आपण काय मानतो, प्रार्थनेला बसायला हरकत आहे की नाही, हे सरळ लिहावं. समितीला टोलवाटोलवीपेक्षा ते बरं वाटतं.

हा प्रवाह आपल्याकडेही वाहून गेलाय. मिडवेस्टमधल्या कॉलेजांच्या संघाचा भारत कार्यक्रम १९६९पासून पुण्यात होता. सेंट ओलाफ आणि लूथर ही लूथरन कॉलेजं त्या संघाची सदस्य. मुलं पुण्यातल्या घरांत राहून मराठी शिकायची, ‘दूध आलं का’पासून सुरुवात करून. अशी भाषेची सक्ती असलेला कार्यक्रम दिसला तर थोडी गैरसोय सोसूनही तो वर ठेवा.

शरद सेमिस्टरसाठीचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद होतात, वसंतासाठीचे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि घरच्या विद्यापीठाची अंतर्गत तारीख त्याच्याही काही आठवडे आधी असते. बाहेरच्या संस्थेच्या संकेतस्थळावरची तारीख पाहून थांबलेल्यांचे अर्ज घरच्याच ऑफिसात अडकतात.